सोळा गाणी आणि

गल्ल्यावरचे आजोबा हसले ते मला लागलं, हे आधीच कबूल करते. नोव्हेंबरातली शनिवारची दुपार, केंटिश टाउन रोडवरचं एक चॅरिटी शॉप, बाहेर तो लंडनचा पाऊस, जो पडतोय असं वाटतच नाही पण कोट मात्र चिंब करतो. छत्री विसरले होते म्हणून आत शिरले, एवढंच. या दुकानांना एक ठरलेला वास असतो. लोकरीचे जुने कोट, कुणाच्या तरी माळ्यावरून उतरवलेली पुस्तकं, आणि ते सगळं लपवायला मारलेला लॅव्हेंडरचा फवारा. कोपऱ्यात दुधाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये रेकॉर्डी उभ्या लावल्या होत्या. लेकीने वाढदिवसाला रेकॉर्ड प्लेअर मागून घेतल्यापासून अशा क्रेटसमोर माझे पाय आपोआप थांबतात. मेथीच्या जुड्या उलटसुलट कराव्यात तशा त्या चाळत होते आणि हाताला लागली 'कम्प्लीट मॅडनेस'. किंमत तीन पौंड. मॅडनेस या बँडशी माझी ओळख फक्त एका गाण्यापुरती, 'अवर हाउस'. म्हणून कव्हर उलटं करून यादी वाचली. दोन्ही बाजूंची मिळून सोळा गाणी. 'अवर हाउस' नाही. चष्मा पुसून परत वाचली. नाहीच.

"यात 'अवर हाउस' नाहीये," मी गल्ल्यावर जाऊन म्हणाले. "आणि वर तर 'कम्प्लीट' लिहिलंय."

सत्तरीचे असतील, डोक्यावर चेक्सची टोपी, बोटांना लेबलांचा डिंक. कव्हर हातात घेऊन ते मोकळेपणाने हसले. "ही एप्रिल ब्याऐंशीची. ते गाणं आलं त्या नोव्हेंबरात." मग कम्प्लीट कसं, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "त्या दिवशी होतंच की कम्प्लीट." मागे उभ्या असलेल्या दोघी पण हसल्या. त्या हसण्यात खवचटपणा नव्हता. पण परक्या माणसाने डोंबिवलीत उतरून "इथलं गेटवे कुठंय?" असं विचारावं आणि आपण एकमेकांकडे बघत हसावं, तसं काहीसं होतं ते. इथे अठरा वर्षं काढलीत मी. कौन्सिलला पत्रं लिहिते, रांगेत गप्प उभी राहते, हवामानावर तीन वाक्यं बोलते. आणि एका गाण्यापायी उघडी पडले. तीन पौंड दिले, रेकॉर्ड कोटाच्या आत छातीशी धरली आणि निघाले.

ते एकच गाणं तरी मला कसं ठाऊक, तर २०१२ च्या जूनमुळे. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून राजवाड्यासमोर मोठा कार्यक्रम होता. लेक दोन वर्षांची होती आणि तिला सांभाळायला आई डोंबिवलीहून आली होती. टीव्हीवर बघतो तर बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवर मॅडनेसवाले उभे राहून 'अवर हाउस' म्हणतायत, आणि राजवाड्याच्या भिंतीवर प्रकाशाने साध्या विटांच्या घरांची ओळ उमटवलीये. आईने खिचडीचा चमचा हवेत थांबवला. "अगं, राजवाड्याची चाळ केली की यांनी!" मग जरा वेळाने, "पण राणीच्या डोक्यावर ही टवाळ पोरं चढवली कुणी?" मी म्हटलं, आई, पोरं कसली, पन्नाशीची आहेत. त्यावर तिचं म्हणणं असं की टवाळ माणूस पन्नाशीचा झाला तरी पोरच राहतो. या बँडविषयी इतकं नेमकं वाक्य मी त्यानंतर कुठे वाचलेलं नाही.

घरी येऊन रेकॉर्ड लावली. सुई टेकल्यावर आधी तो तव्यावर मोहरी तडतडल्यासारखा आवाज, आणि मग पहिलंच गाणं 'एम्बॅरसमेंट'. मला वाटलं होतं, वाढदिवसाच्या पार्टीतलं काहीतरी उड्या मारणारं सुरू होईल. उड्या होत्या. पण त्यांच्या खाली काहीतरी दुखत होतं, आणि पहिल्यांदा ऐकताना ते नेमकं काय हे सांगता येईना. सॅक्सोफोन जरासा उतरलेला, आमच्याकडे वरातीच्या बँडमध्ये तिसऱ्या लग्नाला वाजवून दमलेला माणूस वाजवतो तसा. मला तो फार आवडला. अगदी सुरात लागलेला सॅक्सोफोन ऐकला की हॉटेलच्या लिफ्टमध्ये उभं असल्यासारखं वाटतं.

या संगीताचा, म्हणजे स्काचा, ठेका समजायला मला आठवडा लागला. लहानपणी तीन वर्षं तबला शिकलेय, त्यामुळे समेवर मान हलते ती हलतेच. इथे मान हलली की गिटार तिथे नसायची. शेवटी लेकीने सांगितलं ते असं: चार मोज. एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि. आता आकडे मनातल्या मनात म्हण, तोंडाने फक्त 'आणि' म्हण. मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता म्हणत बसले, "आणि, आणि, आणि, आणि". गिटार आणि पियानो छक् छक् करत पडतात ते त्या 'आणि'वर. पायाला आकडे हवे असतात आणि हाताला 'आणि', त्यामुळे माणूस आपोआप गुडघ्यातून उचलला जातो. लग्नाच्या मांडवात एखादे काका कायम चुकीच्या जागी टाळी देतात ना, तसे शंभर काका एकाच वेळी, एकाच चुकीच्या जागी टाळी द्यायला लागले तर काय होईल? स्का होईल.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी कव्हरच्या मागे लक्ष गेलं. गाण्यांच्या नावांपुढे निळ्या बॉलपेनच्या बारीक खुणा होत्या. बरोबरच्या खुणा, शाळेतल्या वहीत असतात तशा. मोजल्या तर सोळापैकी अकरा गाण्यांपुढे. पाच कोरी. आणि 'एम्बॅरसमेंट'पुढे दोन.

खुणा पाहिल्या आणि मी थेट डोंबिवलीच्या फडके रोडला पोचले. मामाकडे असाच एक कागद असायचा. गेल्या महिन्याचं कालनिर्णयचं पान, मागची बाजू, त्यावर पेन्सिलीने वीस-पंचवीस गाणी आणि त्यातल्या काहींपुढे खुणा. ते पान घेऊन तो कॅसेटच्या दुकानात जायचा, मला सायकलच्या दांडीवर बसवून. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. भिंतभर रेकॉर्डी, समोर दोन डेक, आणि एक अत्यंत तिरसट मालक, जो आपल्या यादीकडे बघून नाक मुरडायचा. गाण्यामागे पैसे घ्यायचा तो. कोरी कॅसेट साठ मिनिटांची, एका बाजूला तीस. आठ दिवसांनी कॅसेट मिळायची, आतल्या कार्डावर त्याच्या वळणदार अक्षरात गाण्यांची नावं, आणि शुद्धलेखन आपण दिलं होतं त्यापेक्षा बरं. मावशीच्या लग्नाचं वऱ्हाड कोल्हापूरला जाणार होतं, गाडीत वाजवायला म्हणून मामाने अशीच एक करून घेतली. पहिल्या बाजूला शेवटी अजून एक गाणं घाला असा हट्ट धरला. मालक म्हणाला, मावणार नाही. मामा म्हणाला, घाला हो, दोन मिनिटं इकडेतिकडे. त्याने घातलं. दुसऱ्या अंतऱ्यात, एका शब्दाच्या मधोमध, खट्. टेप संपली.

गाणं कोणतं ते सांगत नाही. सांगितलं की तुम्ही ते पुरं गुणगुणाल.

वऱ्हाड गेलं, आलं, मावशीची मुलं मोठी झाली, आणि ती कॅसेट घरात दहा-बारा वर्षं वाजत राहिली. त्या शब्दाशी आलं की घरातलं कुणीतरी उठून बाजू बदलायचं. आता फोनवर ते गाणं पूर्ण ऐकता येतं, शंभरदा ऐकलंय, तरी त्या जागी कान खट्ची वाट बघतात आणि पुढचा अर्धा अंतरा भाडेकरूसारखा वाटतो. परवा मामाला फोन केला. आता पंच्याहत्तरीचा आहे, गुडघ्यांची तक्रार सांगून झाल्यावर मी विषय काढला. त्याने लगेच सूर धरला, खर्जात, खोकत. मुखडा, पहिला अंतरा, दुसरा सुरू झाला आणि त्या शब्दाच्या मधोमध थांबला. पलीकडून मिक्सरचा आवाज आला. "पुढे काय गं?" म्हणाला. हे गाणं त्याने कॅसेटच्या आधी पंधरा वर्षं रेडिओवर पूर्ण ऐकलेलं होतं.

तर मॅडनेस. ही सात गोरी पोरं उत्तर लंडनची, कॅम्डन टाउनच्या आसपासची. सुरुवातीला कॅम्डनमधल्या 'डब्लिन कॅसल' नावाच्या पबमध्ये वाजवायची. आपण कंट्री म्युझिक वाजवतो असं मालकाला सांगून त्यांनी तिथे शिरकाव केला, असं सांगतात. पण वाजवायची ती जमैकाच्या राजधानीची, किंग्स्टनची गाणी, म्हणजेच स्का. जमैकात पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी ट्रकभर स्पीकर लावून रस्त्यावर नाच व्हायचे. अमेरिकन रेडिओवरून ऐकू येणारी गाणी तिथल्या वादकांनी स्वतःच्या हाताने वाजवायला घेतली, आणि वाजवताना जोर आकड्यावरून उचलून 'आणि'वर ठेवला. १९६२ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथे हेच वाजत होतं. १९४८ साली 'विंडरश' बोट टिलबरीला लागली तेव्हापासून जमैकन माणसं लंडनमध्ये येत होती, बस चालवत होती, इस्पितळात रात्रपाळ्या करत होती. त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या रेकॉर्डीही आल्या. या पोरांच्या लहानपणी त्या शेजारच्या घरांतून ऐकू येत असणार. प्रिन्स बस्टर हा किंग्स्टनचा, आधी मुष्टियुद्ध करणारा, मग गायक. त्याच्या 'मॅडनेस' या गाण्यावरून बँडने स्वतःचं नाव घेतलं. १९७९ सालचं त्यांचं पहिलं गाणं 'द प्रिन्स', तेही त्याला केलेला नमस्कार. 'वन स्टेप बियॉन्ड'ची चाल त्याचीच. म्हणजे माझ्या हातातल्या सोळा गाण्यांपैकी तीन या एका माणसाचं देणं आहेत. आणि 'इट मस्ट बी लव्ह' मूळ लाबी सिफ्रेचं, लंडनमध्येच जन्मलेल्या एका कृष्णवर्णीय गायकाचं, १९७१ सालचं. मॅडनेसच्या व्हिडिओत तो स्वतः हातात व्हायोलिन घेऊन क्षणभर दिसतो. सूट घातलेल्या या सगळ्या टवाळांमध्ये तोच एक सभ्य दिसतो.

उरलेली गाणी मात्र त्यांच्या स्वतःच्या गल्लीची. 'बॅगी ट्राउझर्स' शाळेचं. त्याच्या व्हिडिओत सॅक्सोफोनवाला ली थॉम्पसन वाजवत वाजवत हवेत उडतो, क्रेनच्या तारेला लटकून. चित्रीकरण केंटिश टाउनमधल्याच एका शाळेच्या पटांगणात, मी रेकॉर्ड घेतली त्या दुकानापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. 'हाउस ऑफ फन'मध्ये नुकताच सोळा वर्षांचा झालेला मुलगा औषधाच्या दुकानात निरोध मागायला जातो. शब्द तोंडातून फुटत नाही, मग आडून आडून मागतो, आणि दुकानदाराला वाटतं याला फुगे, मुखवटे असलं काहीतरी हवंय. खास या संग्रहासाठी घातलेलं हे नवं गाणं, आणि मे १९८२ मध्ये तेच ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिलं आलं. बँडचं पहिलं आलेलं हे एकमेव गाणं, आणि त्याचा विषय काय, तर लाज. संग्रहही अल्बमांच्या यादीत पहिला गेला. देशात तेव्हा तीस लाखांहून जास्त बेकार होते, दूर फॉकलंडला युद्ध चालू होतं, आणि लोक सोळा वर्षांच्या पोराच्या फजितीवर नाचत होते. नाचू नये तर काय करावं?

कोऱ्या राहिलेल्या पाचांत 'कार्डिॲक अरेस्ट' आहे. ऑफिसला निघालेला माणूस, उशीर झालाय, बस अडकलीये, घड्याळाकडे बघतोय, आणि छातीत कळ. चाल मात्र जत्रेतल्या चक्रीपाळण्याची. सलग दहा-एक वेळा पहिल्या दहांत येणारा हा बँड या गाण्याला १४ वरच अडकला. लोकांना ते सकाळच्या रेडिओवर नको असणार. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाला हे गाणं समजावून सांगावं लागत नाही. आमच्या इमारतीतले दोघे असे गेले, एक ठाण्याच्या फलाटावर, एक थेट गाडीत, दाराशी, आणि गर्दी इतकी की मुलुंडपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. 'ग्रे डे' कोरं. 'इन द सिटी' कोरं, त्याचं मला नवल वाटलं नाही. ते जपानमधल्या होंडाच्या गाडीच्या जाहिरातीसाठी केलेलं. जाहिरातीचं गाणं स्वतःच्या 'संपूर्ण' संग्रहात घालायला एक प्रकारचा निर्ढावलेपणा लागतो, आणि तो मला आवडला. पण म्हणून कुणी त्याच्यापुढे खूण करत नाही.

आणि 'एम्बॅरसमेंट'पुढे दोन खुणा. ते ली थॉम्पसनने लिहिलं ते त्याच्या बहिणीवरून. ती लहान वयात गरोदर राहिली, बाळाचा बाप काळा. घरात, गल्लीत, नात्यात जे झालं ते त्या गाण्यात आहे: तोंड फिरवणारे काका, कुजबुज, लोक काय म्हणतील. १९८० साली हे गाणं चौथ्या क्रमांकावर गेलं. किंग्स्टनहून आलेल्या ठेक्यावर, त्या ठेक्याच्या माणसाचं मूल घरात नको म्हणणाऱ्या घराचं गाणं. मी ते अनेकदा लावते आणि दर वेळी माझ्याच लांबच्या एका आत्याचा चेहरा आठवतो, पुण्यातल्या एका लग्नात. तिच्या मुलीने जातीबाहेर लग्न केलेलं, आणि आत्या पाहुण्यांना सांगत होती की मुलगी परीक्षेमुळे आली नाही. मला खरं माहीत होतं. मी ताटातल्या जिलबीकडे बघत राहिले.

ज्याने दोन खुणा केल्या त्याचं काय होतं कोण जाणे. कदाचित टेपवर दोनदा घ्यायचं असेल, दोन्ही बाजूंना.

हे सगळं मी कुठेतरी सोपं करून टाकत होते. काळं संगीत, गोरी पोरं, प्रेमाने घेतलेलं नाव, छान. मग डिसेंबरात काका जेवायला आले. आमचे नात्याने कुणी नव्हेत. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात ओळख झाली, आणि माझ्या इथल्या बाळंतपणात त्यांच्या घरून डिंकाचे लाडू आले, तेव्हापासून काका. मूळचे सांगलीचे, १९७१ साली आले, सुरुवातीची दहा-बारा वर्षं पश्चिम लंडनमधल्या, भारतीयांची वस्ती असलेल्या साउथॉलमध्ये दोन खोल्यांत काढली. लेकीने जेवण झाल्यावर कौतुकाने रेकॉर्ड लावली. काकांनी कव्हर हातात घेतलं, लांब धरून नाव वाचलं आणि टेबलावर ठेवलं. पालथं.

"हे त्या बोडक्यांचं ना?"

लेकीला शब्द कळला नाही. मला कळला. मुंडण केलेली, मोठे बूट घातलेली ती पोरं. गंमत अशी की साठीच्या दशकाच्या अखेरीस हेच स्किनहेड जमैकन गाण्यांवर जीव टाकायचे. पुढे त्यातले बरेच नॅशनल फ्रंटच्या, म्हणजे बाहेरून आलेल्यांना हाकला म्हणणाऱ्या वर्णद्वेषी पक्षाच्या, नादी लागले, आणि मॅडनेसच्या कार्यक्रमांना मोठ्या संख्येने यायचे. बँडला ते नको होते, स्पेशल्ससारखे काळ्या-गोऱ्यांचे मिश्र बँड तर उघड त्यांच्या विरोधात उभे होते, आणि मॅडनेसने त्यांच्याबरोबर दौराही केला होता. हे सगळं मी काकांना सांगायला लागले. ते शांतपणे ऐकत होते, मुखवासातली बडीशेप एक एक दाणा करून उचलत. मग म्हणाले, "असेल गं. आम्हाला कुठे त्यांची रेकॉर्ड ऐकायला वेळ होता? आम्ही डोकं बघायचो. डोकं बघून रस्ता ओलांडायचो." १९७९ च्या एप्रिलमध्ये नॅशनल फ्रंटच्या सभेविरुद्ध साउथॉल रस्त्यावर उतरलं, पोलिसांशी झटापट झाली, ब्लेअर पीच नावाचा शिक्षक मेला, त्या दिवशी काकूंना सातवा महिना होता आणि काकांनी पडदे ओढून घेतले होते. १९८१ च्या ३ जुलैला तिथल्याच एका पबमध्ये स्किनहेडांच्या बँडचा कार्यक्रम होता. तो दुसऱ्याच पंथाचा बँड, मॅडनेसशी संबंध नाही. त्या रात्री पब जळाला. काका म्हणाले, "वास दोन दिवस होता. वाळत घातलेल्या साड्यांना."

रेकॉर्ड फिरतच होती. 'इट मस्ट बी लव्ह' लागलं. मला वाटलं, आता हे गाणं तरी त्यांना आवडेल, मूळ कुणाचं ते सांगावं. तेवढ्यात काका लेकीला म्हणाले, "आवाज जरा कमी कर बाळा, शेजारी आहेत."

आमचं घर कोपऱ्यातलं आहे. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला जे राहतात ते स्वतः रविवारी ड्रम वाजवतात. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिने आवाज कमी केला.

त्यानंतर काही दिवस मी ती रेकॉर्ड लावली नाही. कुणावर राग होता असं नाही. फक्त 'आणि'वर गुडघा उचलला जायचा तो जाईना. मग एकदा भांडी घासताना लेकीने वरच्या खोलीत 'नाइट बोट टू कैरो' लावलं, आणि साबणाच्या हातांनी मी काय करत होते हे खिडकीच्या काचेत दिसलं तेव्हा माझं मलाच हसू आलं. काकांना हे सांगितलं नाही. त्यांनाही पुढच्या भेटीत काही विचारावंसं वाटलं नसावं. लाडू मात्र नेहमीसारखे आले.

जानेवारीत परत केंटिश टाउनला काम निघालं. मुद्दाम पिशवीत कव्हर टाकलं, रेकॉर्ड घरी ठेवून. दुकानात तोच वास, क्रेटमध्ये आता नाताळच्या गाण्यांच्या रेकॉर्डी, सगळ्या एकदम नकोशा झालेल्या. आजोबा होते. मी कव्हर पालथं करून त्यांच्यासमोर ठेवलं आणि खुणांवर बोट ठेवलं. त्यांना मी आठवले. किंवा त्यांनी तसं दाखवलं.

"टेप केलीये कुणीतरी," ते लगेच म्हणाले. "मीही करायचो. गाडीसाठी. अकरा बरोबर. बाकी बाजू दुसऱ्या कुणासाठी ठेवायची असते."

मी विचारलं, तुम्ही असता तर कोणती पाच सोडली असती? ते म्हणाले, सोपं आहे, आणि खिशातून चष्मा काढला. 'टेक इट ऑर लीव्ह इट' गेलं. जपानी गाडीचं गेलं. शेवटचं 'लॉस पाल्मास' शब्दांशिवायचं आहे, ते जाईल, असं म्हणाले आणि लगेच, नाही, ते नाही, बायको त्याच्यावर इस्त्री करायची. मग 'बेड अँड ब्रेकफास्ट मॅन'वर बोट नेलं आणि तिथेच ठेवलं. 'कार्डिॲक अरेस्ट'? मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "ते मी तेव्हा सोडलं असतं," म्हणाले. "आता कसं सोडू?" माझ्यामागे एक बाई कपबश्यांचा डबा घेऊन ताटकळत उभी होती. तिनेही वाकून यादी वाचली आणि म्हणाली, 'अवर हाउस' कुठंय? आजोबांनी तिला उत्तर दिलं नाही. ओठ हलत होते त्यांचे, बोट खालीवर होत होतं. बाहेर माझी बस सिग्नलला येऊन थांबलेली दिसत होती, आणि कव्हर त्यांच्याच हातात होतं.